एक झाकण जास्त: लूना, चेतक आणि सायलेन्सरमधला कार्बन

आजचा भाग काजळीचा आहे.

आमच्या हसनाबादला, म्हणजे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, ज्यांच्या दारात कधी लूना, राजदूत किंवा चेतक उभी होती त्यांना एक सल्ला पाठ असतो: ऑइल एक झाकण जास्तच टाक, इंजिन सुखी राहतं. आता आजोबांच्या गाड्या गोठ्यातून बाहेर काढून पुन्हा चालू करायची हौस आलीये, आणि तोच सल्ला व्हॉट्सअॅपवर फिरतोय. तो आला कुठून?

आधी यंत्र बघू. या गाड्या टू-स्ट्रोक. यात इंजिन ऑइल वेगळं भरून ठेवायची सोयच नाही. पेट्रोलात मिसळलेलं ऑइल आत जातं, बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देतं आणि शेवटी पेट्रोलासोबत जळतं. जे धड जळत नाही ते पिस्टनच्या डोक्यावर, एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरमध्ये थर धरतं. तोंड बारीक झालं की जळका वायू बाहेर निघेना, आणि चढाला गाडीला धाप लागते. मग मिस्त्री हेड खोलून कार्बन खरवडणार, सायलेन्सर जाळात धरणार नाहीतर कॉस्टिक सोड्यात बुडवणार.

तर मंडळी, तो सल्ला एके काळी अगदी बरोबर होता. ओले एविनरूड यांनी १९०९ च्या सुमारास अमेरिकेत होडीच्या मागे लावायची मोटर विकायला सुरुवात केली. तीही टू-स्ट्रोकच. १९३० च्या दशकातल्या तशा मोटरींना १६ भाग पेट्रोलाला १ भाग ऑइल सर्रास लागायचं, म्हणजे लिटरमागे ६० मिलीच्या वर. १९४६ ची इटलीतली पहिली व्हेस्पा ५ टक्के ऑइल प्यायची. कारण साधं होतं. जुन्या इंजिनांत बऱ्याच ठिकाणी पितळी बुश असत, आणि बुशला ऑइलचा जाड थर हवा. पुढे सुईसारख्या रोलरची बेअरिंग आली, ऑइल सुधारलं आणि गरज उतरली. बजाजने १९६० पासून पुण्यात व्हेस्पा परवान्यावर बनवली आणि १९७२ ला स्वतःची चेतक आणली. तिला २ टक्के पुरत होतं, लिटरला २० मिली. त्याच साली अहमदनगरहून कायनेटिकची लूना आली. इंजिन बदललं, पण सवय तीच राहिली.

पण माझ्या मते खरा घोळ मापापेक्षा जातीचा होता. ट्रॅक्टरचं किंवा कारचं ऑइल वर्षभर आत राहायचं म्हणून बनवतात. त्यात कॅल्शियम, जस्त असे धातूंचे क्षार घातलेले असतात. ते जाळले की चुलीसारखी राख उरते. ती प्लगवर बसते, प्लग शॉर्ट होतो, किंवा राखेचा कण लाल होऊन ठिणगीआधीच पेट्रोल पेटवतो. टू-टी ऑइल मुळात जळून जाण्यासाठीच बनवलेलं असतं, राख अगदी थोडी.

जुन्या काळी रेसिंगवाले आपलं एरंडेलसुद्धा वापरायचे! कॅस्ट्रॉल हे नावही एरंडीच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच पडलंय. तापलेल्या इंजिनातही एरंडेल धातूला सोडत नाही, पण मागे डिंकासारखा चिकट थर ठेवून जातं.

मग प्रश्न फक्त सायलेन्सरचा राहिला नाही. रिक्षा आणि स्कूटरमध्ये स्वस्तातलं सुटं ऑइल, तेही मापाबाहेर, आणि वर रॉकेलची भेसळ. हा सगळा निळा धूर शहरांच्या छातीत चालला होता. डिसेंबर १९९८ मध्ये दिल्लीत सुट्या टू-टी ऑइलच्या विक्रीवर बंदी आली आणि पंपावर आधीच मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं. १ एप्रिल १९९९ पासून देशभर कमी धुराचं टू-टी सक्तीचं झालं. पुढच्याच वर्षी धुराचे नियम आणखी कडक झाले, फोर-स्ट्रोकने बाजार घेतला, आणि ऑइलचं माप ही गोष्टच नव्या पोरांच्या हातून गेली.

म्हणून गोठ्यातली लूना काढलीच, तर कंपनीच्या पुस्तकातलं माप धरा आणि ऑइल आजचं घ्या. डब्यावर 'जासो एफसी' किंवा 'एफडी' लिहिलेलं बघा. 'टीसी-डब्ल्यू३' लिहिलेला डबा दिसला तर तो ठेवून द्या. ते पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या मोटरींसाठी असतं, कोकणातल्या होडीला ठीक. आपली लूना वाऱ्यावर थंड होते, आणि मे महिन्यात आमच्याकडचा वारा कसा असतो ते तुम्हाला माहितीये.