खडा ओळखणारी नजर

तांदूळ निवडायला बसलो की खडा आपल्याला चटकन दिसतो. शेजारी बसलेल्या लेकीला दिसत नाही. डोळे तिचे जास्त तेज, पण आपल्या नजरेला सवय आहे. आज आम्ही अशाच शिकलेल्या नजरेचा इतिहास सांगणार आहोत.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सावकाश, वर्षानुवर्षं वाढतो. सुरुवातीला काहीच दुखत नाही. तेव्हाच सापडला तर बाई वाचते. १९४३ साली अमेरिकेत डॉ. पापानिकोलाऊ आणि डॉ. ट्राउट यांनी पुस्तक लिहून, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोग ओळखायची रीत मांडली. तीच पॅप चाचणी. पण तिला प्रयोगशाळा लागते, तयार माणसं लागतात. वस्तीतल्या बाईला ती कुठून मिळणार?

१९९८ साली मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलने वेगळी वाट धरली. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवलं. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरमधलं आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं, उजेडात बघायचं. बिघडलेली जागा पांढरी होते.

ऐकायला सोपं! पण पांढरं दिसलं ते सगळं वाईट नसतं. स्राव पांढरा दिसतो, सूज आलेली जागाही फिकट पांढरी होते. धोक्याचा चट्टा दाट, ठळक कडेचा असतो. नवख्या नजरेला एक तर सगळ्यातच रोग दिसतो, नाही तर कशातच नाही. पहिल्या चुकीने बाई उगाच धास्तावते, दुसरीने तिचा जीव जातो. नुसतं पाहून नजर तयार होत नाही. पुन्हा पुन्हा पाहावं लागतं, आणि कुठे चुकलं ते जाणकाराने तिथल्या तिथे सांगावं लागतं.

या बायकांचे निष्कर्ष तज्ज्ञ डॉक्टरांशी बरेचसे जुळले. अभ्यासात सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. निम्म्यांची दर दोन वर्षांनी, चार वेळा तपासणी झाली. बारा वर्षांनी पाहिलं, तर त्यांच्यात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. उरलेल्या निम्म्यांना तेव्हा फक्त माहिती मिळाली, तपासणी नाही. हे न्याय्य होतं का, असा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला. तो आपल्यालाही पडतो.

२०१६ साली सरकारने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हीच तपासणी सुचवली. तेव्हा आरोग्य केंद्रात गेलात की लाजू नका, विचारा, "ताई, ही तपासणी इथे होते का?" घरादाराच्या तांदळातला खडा आपण रोज शोधतो. एकदा आपल्यासाठीही शोधून घेऊ.