साथीचे मृत आणि स्मारकशिल्प

वर्धा जिल्ह्यातील नाचणगाव हे पुलगाव स्थानकानजीकचे गाव होय. मुंबई-नागपूर लोहमार्ग याच बाजूने जातो; आणि १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरातून देशाच्या अंतर्भागात शिरली ती बहुतांशी लोहमार्गांनीच. वर्धा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे. सर्वाधिक मृत्युप्रमाण असलेल्या प्रांतांत त्याची गणना होते. हिंदुस्थानातील एकूण मृतांचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत आहेत, आणि विसाव्या शतकात देशाची लोकसंख्या घटली ती १९११ ते १९२१ या एकाच दशकात. असे असूनही महाराष्ट्राच्या सार्वजनिक स्मारकशिल्पात या संहाराला जवळजवळ स्थान नाही.

१८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगची गोष्ट निराळी. मुंबईत वांद्रे, गिरगाव आदी भागांतील ख्रिस्ती वस्त्यांनी साथ टळावी म्हणून रस्त्यांच्या कडेला क्रूस उभारले. त्यांपैकी कित्येक अद्याप उभे आहेत. परळच्या प्रयोगशाळेस प्लेगची लस सिद्ध करणाऱ्या हाफकिन यांचे नाव १९२५ साली देण्यात आले. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडणाऱ्या चापेकर बंधूंचे स्मारक चिंचवडला आहे. सावित्रीबाई फुले प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करीत असताना १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने निवर्तल्या, परंतु त्यांचे पुतळे उभे राहिले ते आद्य शिक्षिकेचे. तात्पर्य, देवास कौल, शास्त्रज्ञास मान, हुतात्म्यास वंदन; सामान्य मृत मात्र यांपैकी कोठेच नाही. इन्फ्लुएन्झाने तर काही आठवड्यांतच उच्छाद मांडला. घरझडतीसारखा चीड आणणारा प्रसंग त्यात नव्हता, कोणी रँड नव्हता. म्हणून स्मारकास निमित्तही उरले नाही, असे आम्हांस वाटते.

गावकुसाबाहेरचा मरीआईचा शेंदरी दगड हे साथीचे सर्वांत जुने सार्वजनिक शिल्प म्हणावयास हरकत नाही. पण तोही मृतांचा नव्हे, भयाचा. व्हिएन्ना येथे १६७९ च्या प्लेगनंतर सम्राट लिओपोल्डने नवसापोटी उभारलेला, १६९३ साली पुरा झालेला स्तंभ याच जातीचा आहे. याउलट लंडनमध्ये २०२१ साली पार्लमेंटसमोर, थेम्सच्या पैलतीरी, आप्तांनीच भिंतीवर प्रत्येक कोविडमृतामागे एकेक तांबडे हृदय रंगविले. एक मृत, एक खूण: हिशेबाची ही रीत जुन्या स्तंभांत नव्हती. महाराष्ट्रात त्या साथीचे अधिकृत मृत सुमारे १ लाख ४८ हजार आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

नावांविना अशी खूण करता येत नाही, आणि १९१८ ची नावे मिळण्याची एक वाट आपल्याकडे आहे. मध्यप्रांतात जन्ममृत्यूची वर्दी गावचा कोतवाल देत असे. त्या नोंदवहीस आजही ‘कोतवाल बुक’ म्हणतात, आणि जातीच्या दाखल्यासाठी लोक तिच्या नकला मागत असतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तिच्याकडे क्वचितच पाहिले आहे. जेथे जेथे १९१८ च्या सप्टेंबर ते डिसेंबरची पाने शिल्लक असतील, तेथे गाववार नावे उतरून घेण्यास नाचणगाव-पुलगावच्या पट्ट्यापासून आरंभ करता येईल.