सूत्री, अर्धगुणसूत्री आणि मधला ‘गुण’

‘सूत्री विभाजन’ या नावातलं सूत्र प्रत्यक्ष डोळ्यांना दिसलेलं आहे. जर्मनीतल्या कील विद्यापीठात वॉल्थर फ्लेमिंग सॅलमँडरच्या पिल्लांच्या पेशी ॲनिलिन रंगांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत. केंद्रकातला काही भाग रंग गच्च धरून ठेवी. पेशी दुभंगायच्या बेतात आली की त्या भागाचे धागे होत, प्रत्येक धागा लांबीच्या दिशेने उभा चिरला जाई आणि चिरलेले दोन पदर दोन टोकांकडे सरकत. या घडामोडीला १८८२ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी ‘मायटोसिस’ म्हटलं. ग्रीकमध्ये ‘मिटॉस’ म्हणजे धागा, तोही मागावरचा. आनुवंशिकतेशी त्या धाग्यांचं नातं काय, हे फ्लेमिंग यांना ठाऊक नव्हतं. आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल यांचा निबंध १८६६ मध्येच छापून झाला होता, पण त्याची खरी दखल १९०० सालानंतर घेतली गेली. म्हणून ‘मायटोसिस’ हे नाव दिसलं त्याचंच वर्णन करतं. मला त्यातला हा संयम फार मोलाचा वाटतो.

१८८८ मध्ये विल्हेल्म वाल्डायर यांनी धाग्यांना ‘क्रोमोसोम’ हे नाव दिलं. अर्थ, रंगीत काया. ओळख पुन्हा रंगावरूनच. मराठीत शब्द घडवायची वेळ आली तोवर या धाग्यांचं काम कळून चुकलं होतं, म्हणून आपल्या शब्दातून रंग गेला आणि गुण आला. गुणसूत्र म्हणजे गुण वाहून नेणारं सूत्र, असा अर्थ आपण सहज लावतो. शब्द घडवणाऱ्यांच्या मनातही तोच असणार.

पण संस्कृतात ‘गुण’ म्हणजे मुळात दोराचा पदर. धनुष्याची दोरीही गुणच. दोन पदरांचं ते द्विगुण, तीन पदरांचं त्रिगुण. मग त्याचा अर्थ ‘पट’ असा झाला आणि त्यातूनच आपला गुणाकार आला. म्हणजे गुणसूत्र या शब्दात सूत दोनदा आहे, एकदा उघड आणि एकदा झाकलेलं. गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या पेशीला आपण ‘द्विगुणित’ म्हणतो आणि एकच संच असलेलीला ‘एकगुणित’. तिथला ‘गुण’ स्वभावाचा नाही, पदराचा आहे. विद्यार्थ्याला हे सांगितलं तर ‘द्विगुणित’ पाठ करावं लागणार नाही.

खरी अडचण ‘विभाजन’ या शब्दात आहे. घरच्या जमिनीची वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला मुळापेक्षा कमीच येतं. विभाजन म्हटलं की मनात तेच येतं. पेशीत तसं होत नाही. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात आणि सूत्री विभाजनानंतरच्या दोन्ही जन्यपेशींतही ४६च असतात, कारण वाटणीआधीच प्रत्येक सूत्राची प्रत तयार झालेली असते. वर्गात आधी ‘दुप्पट’ शिकवावं आणि मग ‘विभाजन’. हिंदीत ‘समसूत्री विभाजन’ म्हणतात. त्या ‘सम’मुळे निदान दोन्ही वाटे सारखे आहेत एवढं तरी कळतं. मराठीनेही तो उपसर्ग घ्यायला हरकत नव्हती.

दुसरा शब्द, ‘अर्धगुणसूत्री विभाजन’, आणखी अवघड आहे. जनन पेशी तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्म्यावर, माणसात २३ वर, येते. त्यासाठी फार्मर आणि मूर या ब्रिटिश संशोधकांनी १९०५ मध्ये ग्रीकमधून ‘कमी होणं’ या अर्थाचा शब्द घेतला. तो ‘मायोसिस’. कानाला तो मायटोसिसचा भाऊ वाटतो, पण दोघांचं मूळ एक नाही. एक नाव धाग्याचं, दुसरं घटीचं. मराठीने मात्र दोन्हींत सूत्र ओवून त्यांची खरीखुरी जोडी केली: सूत्री आणि अर्धगुणसूत्री.

जोडी देखणी आहे, पण त्याच पाठ्यपुस्तकात ‘अर्धगुणसूत्र’ असाही एक शब्द आहे. प्रत झालेल्या गुणसूत्राच्या दोन जुळ्या पदरांपैकी एक, म्हणजे ‘क्रोमॅटिड’, असा त्याचा अर्थ. आता ऐकणाऱ्याने काय समजावं? अर्धगुणसूत्रं एकमेकांपासून सुटतात ती ‘सूत्री’ विभाजनात. ‘अर्धगुणसूत्री’ विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात ती जोडलेलीच राहतात आणि जोडीतली अख्खी गुणसूत्रं वेगळी होतात. जुळे पदर सुटतात ते दुसऱ्या टप्प्यात. पहिल्या शब्दातला ‘अर्ध’ धाग्याचा आहे आणि दुसऱ्यातला संख्येचा, फरक मात्र फक्त एका ‘ई’काराचा. प्रश्नपत्रिकेत हे दोन शब्द शेजारी आले, तर गोंधळणाऱ्या मुलाला मी दोष देणार नाही. मायोसिससाठीचा ‘न्यूनीकरण विभाजन’ हा पर्यायी शब्द जड आहे, पण तो ग्रीक मुळाशी इमान राखतो आणि अर्धगुणसूत्राशी त्याची गल्लत होत नाही. माझं मत त्याला.

या सगळ्या धाग्यांना दोन टोकांकडे ओढून नेणारे तंतू चातीच्या आकारात मांडलेले असतात. इंग्रजीत त्यांना चातीचंच नाव आहे आणि आपण त्यांना ‘तर्कुतंतू’ म्हणतो. तर्कु म्हणजे संस्कृतातली चाती, सूत कातायची. सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध नेमके हेच तंतू घडू देत नाही. मग धागे जागच्या जागी राहतात आणि पेशीचं विभाजन तिथेच अडतं.