महानगराचें सांडपाणी आणि त्याचें अन्न



एकाच पाण्यावर मासे आणि भाजीपाला दोन्ही पोसावे, माशांच्या विष्ठेनें रोपांना खत मिळावें आणि रोपांनीं शुद्ध केलेलें पाणी पुन्हां माशांकडे जावें, अशी एक पद्धति शहरांत अन्न पिकविण्याचा नवा उपाय म्हणून हल्लीं सांगितली जाते. तिला ॲक्वापॉनिक्स म्हणतात. टाक्या, नळ व विजेचे पंप यांच्या साहाय्यानें ती चालते. परंतु एकाचा मळ तेंच दुसऱ्याचें अन्न, हें तिच्या मुळाशीं असलेलें तत्त्व आपल्याच देशांतील एका महानगराच्या वेशीवर फार पूर्वीं आणि फार मोठ्या प्रमाणावर अमलांत आलें. तें महानगर म्हणजे कलकत्ता, आतांचें कोलकाता.

हें शहर हुगळीच्या कांठीं वसलें असलें तरी तेथील जमिनीचा उतार नदीकडे नाहीं. तो पूर्वेस, जुन्या खाऱ्या सरोवरांकडे आहे. म्हणून एकोणिसाव्या शतकांत शहराचें सांडपाणी त्याच दिशेस नेण्यांत आलें. हीं सरोवरें त्या वेळीं विद्याधरी नदीच्या भरती-ओहोटीशीं जोडलेलीं होतीं व त्यांत खाऱ्या पाण्यांतले मासे मिळत. पुढें विद्याधरी गाळानें भरत गेली आणि १९२८ सालीं ती मृत म्हणून जाहीर झाली. समुद्राचें पाणी येईनासें झालें. शहराचें मात्र येतच राहिलें. मासळीवर पोट भरणाऱ्या तेथील लोकांनीं मग त्या घाण पाण्यालाच कामास लाविलें. १९३० च्या सुमारास सांडपाण्यावरील मत्स्यशेती तेथें रूढ झाली. अशा तळ्यास तिकडे 'भेरी' म्हणतात.

भेरीचें काम मोठें पाहण्याजोगें असतें. हिवाळ्यांत तळें उपसून तळाची माती उन्हांत वाळवितात. मग बांध दुरुस्त करून सांडपाणी आंत घेतात आणि तें कांहीं दिवस तसेंच राहूं देतात. तळें उथळ असल्यामुळें त्यांत ऊन खोलवर पोंचतें. सूक्ष्म जंतु मैल्याचें विघटन करितात. त्यांतून सुटलेल्या द्रव्यांवर शेवाळ वाढतें. शेवाळ दिवसा पाण्यांत प्राणवायु सोडतें. आणि तेंच शेवाळ खाऊन मासे पोसतात. मासे तें खातात म्हणून तें माजतही नाहीं. रोहू, कटला, मृगळ हे तेथील मुख्य मासे होत. कांठाची जलपर्णी लाटांपासून बांधाचें रक्षण करिते. तळ्यांतून बाहेर पडणारें पाणी भातशेतीस जातें, आणि जवळच धापा येथें शहराच्या कचऱ्याची माती झालेल्या जमिनीवर भाजीपाला पिकून शहराच्याच बाजारांत येतो.

या सर्व व्यवहाराचा अर्थ शहरास मात्र उशिरां कळला. राज्य सरकारच्या सेवेंतील अभियंते ध्रुवज्योति घोष हे १९८० नंतरच्या काळांत सांडपाण्याच्या मागोमाग या तळ्यांपर्यंत गेले, तेव्हां त्यांस दिसलें कीं, ज्यासाठीं इतर शहरें खर्चिक यंत्रें उभारतात तें शुद्धीकरण येथें मत्स्यपालक करीत आहेत, आणि वर शहराला अन्नही देत आहेत. तोंवर बरेंच गमावलें होतें. १९६२ पासून हुगळीचा गाळ टाकून सरोवरांचा उत्तर भाग बुजविण्यांत आला व त्यावर विधाननगर वसलें. उरलेल्या भागाच्या रक्षणार्थ १९९२ सालीं कलकत्ता उच्च न्यायालयानें निर्णय दिला. २००२ सालीं सुमारें १२,५०० हेक्टर प्रदेशास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. २००६ सालीं स्वतंत्र कायदाही झाला. तथापि अतिक्रमण थांबलें नाहीं. कारखान्यांच्या पाण्यांतून येणाऱ्या जड धातूंचें भयही आहेच. मैला जंतूंना पचतो, धातु पचत नाहींत.

तळें बुजविण्यास थोडे महिने पुरतात. परंतु पाण्याच्या रंगावरून व वासावरून तें केव्हां व किती घ्यावें हें ओळखणारा जाणता मनुष्य घडण्यास पिढ्या लागतात, आणि तळें गेलें कीं ती विद्याही जाते. नव्या टाक्यांचें आपण अवश्य स्वागत करावें. पण त्याआधीं आपल्या गांवचें सांडपाणी कोठें जातें, आणि तेथें कोणी मुकाट्यानें आपलें अन्न तर पिकवीत नाहीं ना, एवढें एकदां जाऊन पाहावें.