अपराधी मूल आणि त्याचें घर

महाभारतांत अणीमांडव्य ऋषीची कथा आहे. बाळपणीं पतंगाच्या अंगांत काडी खुपसली, म्हणून आपणांस सुळाचें दुःख भोगावें लागलें, हें धर्माकडून कळतांच ऋषीनें धर्मालाच शाप दिला, आणि वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत घडलेलें कृत्य पातक गणलें जाणार नाहीं, अशी मर्यादा घालून दिली. स्मृतिकारांनीं तर पांच वर्षांहून मोठ्या व अकरांहून लहान मुलाच्या दोषाचें प्रायश्चित्त बापानें, भावानें किंवा अन्य आप्तानें करावें असें सांगितलें. मुलाचा अपराध एकट्या मुलाचा नसतो, त्यांत घराचाहि वांटा असतो, ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

इंग्रजी अमदानींत कायद्याचा ओघ निराळ्या दिशेनें वाहिला. १८५० च्या कायद्यानें गरीब व किरकोळ गुन्हे केलेल्या मुलांस कारागिरांकडे उमेदवारीस लावण्याची सोय झाली. पुढें डेव्हिड ससून यांचें नांव लाभलेलें सुधारगृह मुंबईस १८५७ त निघालें. १८७६ त व पुन्हां १८९७ त सुधारशाळांचे कायदे झाले. तुरुंगाच्या मानानें हें मोठेंच पाऊल होतें, यांत शंका नाहीं. परंतु ह्या योजनांच्या मुळाशीं एकच गृहीत होतें: घर वाईट म्हणून मूल वाईट, सबब मूल घरापासून तोडावें. ह्या विचाराचें टोंक गुन्हेगार जातींच्या कायद्यांत दिसतें. त्याच्या १८९७ च्या दुरुस्तीनें चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून निराळ्या वसाहतींत ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला. येथें मुलाच्या अपराधाची वाट पाहण्याचीहि गरज उरली नाहीं. जन्म हाच पुरावा ठरला. तो कायदा १९५२ त रद्द झाला. पण त्यानें लावलेला बट्टा पारध्यांच्या बेड्यांवरून अद्याप पुसला गेलेला नाहीं.

मुंबई इलाख्यांत बालकांचा कायदा १९२४ त झाला, आणि चिल्ड्रेन्स एड सोसायटी १९२७ त स्थापन झाली. वाशीमला मात्र मुंबईचा तो कायदा लागू नव्हता. वऱ्हाड १९०३ पासून मध्यप्रांताच्या कारभाराखालीं होता, व मुंबई राज्यांत आला तो १९५६ त. दरम्यान १९३७ त सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयानें मुंबईस चाइल्ड गायडन्स क्लिनिक उघडलें. मुलाबरोबर त्याच्या आईबापांशींहि बोलावें, ही अशा संस्थांची रीतच होय.

हा धागा पुढें नेला तो साल्व्हादोर मिनुशिन ह्या वैद्यानें. न्यूयॉर्कजवळच्या विल्टविक शाळेंतील मुलें शाळेंत सुधारत, परंतु घरीं परतलीं कीं जुन्या वळणावर जात. तेव्हां त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं सबंध कुटुंबालाच एकत्र बसविण्यास आरंभ केला. कोण बोलतो, कोण गप्प राहतो, बाप रागावला म्हणजे आई कोणाची बाजू घेते, हें पाहून त्यांनीं घराची घडी नव्यानें बसविण्याचा प्रयत्न केला. त्यांचा ग्रंथ १९६७ त प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या कांहीं पद्धतींत तर उपचारकच मुलाच्या घरीं जातो.

आपला २०१५ चा कायदा ह्याच मतास अनुकूल आहे. संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय, असें त्याचें तत्त्व आहे. आणि आईबापांचें समुपदेशन करून मुलाला घरीं पाठविण्याची मुभा बाल न्याय मंडळास आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, हा दोष पुन्हां आईबापांच्याच माथीं मारणें नव्हे काय? तसें नाहीं. जुन्या कायद्यानें घराला आरोपी केलें; ही पद्धति घराला साधन मानते. ज्या घरांत मुलाचा छळ होतो तेथून त्याला हलविलेंच पाहिजे. पण दारिद्र्य म्हणजे छळ नव्हे. मानोरा किंवा मालेगांव तालुक्यांतील एखाद्या मुलाचा बाप मजुरीसाठीं परगांवीं गेलेला असेल, तर एका तारखेस त्याला बोलावून उपदेश केल्यानें काय साधणार? त्या घरच्या सवडीनें, त्याच्या अंगणांत जाऊन बसणारा शहाणा माणूस तेथें हवा. ऋषीनें वयाची मर्यादा घातली, स्मृतिकारांनीं घराचा वांटा ओळखला. कायद्यानेंहि आतां दोन्ही मान्य केलें आहे. उरलें आहे तें त्या घरापर्यंत चालत जाणें, आणि तें काम कायद्याचें कलम करीत नाहीं, माणसें करतात.