चालून जमवलेल्या पैशातून मेंदूचं संशोधन कसं होतं?

"मी अमुक इतके किलोमीटर चालणार आहे, संशोधनासाठी देणगी द्या," असा मेसेज आणि खाली लिंक. असं आवाहन तुमच्याही मोबाइलवर कधीतरी आलं असेल. पण कुणाच्या चालण्याने औषध कसं सापडणार? ब्रिटनमधल्या एका पदयात्रेच्या उदाहरणातून हे समजून घेऊ.

प्रायोजित पदयात्रा म्हणजे काय?

एखादी व्यक्ती ठरावीक अंतर चालण्याचा संकल्प जाहीर करते. नातेवाईक, मित्र, सहकारी त्यासाठी पैसे देतात. कुणी प्रत्येक मैलामागे ठरावीक रक्कम देतं, कुणी एकरकमी. चालणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही, पैसे संस्थेकडे जातात. ब्रिटनमध्ये ही पद्धत शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांच्या परिचयाची आहे.

टॉम आयझॅक्स कोण होते?

टॉम आयझॅक्स यांना वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी पार्किन्सन्सचं निदान झालं. हा आजार बहुतेकांना साठीच्या आसपास किंवा त्यानंतर होतो. यात मेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरतात, शरीर ताठरतं, हालचाली मंदावतात. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात.

ज्या आजारात पाऊल उचलणंच अवघड होतं, तो आजार असताना आयझॅक्स यांनी २००२-०३ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याने सुमारे ४,५०० मैल, म्हणजे ७,२०० किलोमीटरहून जास्त अंतर पायी कापलं. वर्षभराच्या या चालीचा शेवट त्यांनी लंडन मॅरेथॉनने केला. त्यातून साडेतीन लाख पौंडांहून अधिक निधी जमला. त्या वेळच्या दराने ही रक्कम साधारण अडीच कोटी रुपये होते.

मग पुढे काय झालं?

पार्किन्सन्सवरची लेव्होडोपासारखी औषधं लक्षणं कमी करतात, पण आजार वाढायचा थांबत नाही. तो थांबवणारं औषध शोधायचं, या एकाच उद्देशाने आयझॅक्स यांनी २००५ मध्ये तीन सहकाऱ्यांसह 'क्युअर पार्किन्सन्स ट्रस्ट' स्थापन केला. चौघांनाही पार्किन्सन्स होता.

नवं औषध बाजारात आणण्याचा खर्च प्रचंड असतो. देणग्यांमधून तो भागत नाही. म्हणून या संस्थेने वेगळी वाट धरली: दुसऱ्या आजारांसाठी आधीच वापरात असलेली औषधं पार्किन्सन्सवर चालतात का, ते तपासायचं. अशा औषधांच्या सुरक्षिततेची बरीच माहिती आधीच हाताशी असते, त्यामुळे वेळ आणि पैसा वाचतो. जुन्या औषधाचं पेटंट संपलेलं असेल, तर कंपन्यांना त्यात फारसा नफा दिसत नाही. तिथे देणगीचा पैसा उपयोगी पडतो.

कफाचं औषध आणि मेंदू?

अँब्रोक्सॉल हे नाव तुम्ही खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर वाचलं असेल. पार्किन्सन्सच्या काही रुग्णांमध्ये पेशीतला कचरा साफ करणारं एक एन्झाइम कमी काम करतं. अँब्रोक्सॉल ते वाढवू शकतं, असं संशोधकांना दिसलं. हे औषध मेंदूभोवतीच्या द्रवापर्यंत पोहोचतं, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासातून कळलं. आता ब्रिटनमध्ये ३३० रुग्णांवर मोठी चाचणी होत आहे आणि तिला क्युअर पार्किन्सन्सची मदत आहे.

मात्र निष्कर्ष येण्याआधी, डॉक्टरांना न विचारता हे औषध पार्किन्सन्ससाठी घेऊ नका.

सगळे प्रयोग यशस्वी होतात का?

नाही. एक्झेनाटाइड हे मधुमेहाचं औषध. त्याची पहिली छोटी चाचणी याच संस्थेच्या पैशातून झाली. २०१३ मधले तिचे निष्कर्ष आशादायक होते, २०१७ च्या पुढच्या चाचणीनेही आशा वाढवली. पण १९४ रुग्णांवर ९६ आठवडे चाललेल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. हे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाले.

मग पैसा वाया गेला का? रुग्णांच्या दृष्टीने निकाल निराशाजनक होता. पण हे औषध चालत नाही हे नीट तपासलं नसतं, तर हजारो लोक खोट्या आशेवर ते घेत राहिले असते.

देणगी देण्यापूर्वी काय पाहाल?

• पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातात की व्यक्तीच्या?
• संस्था नोंदणीकृत आहे का? तिचे हिशेब जाहीर होतात का?
• निधी संशोधनासाठी आहे, रुग्णसेवेसाठी की जनजागृतीसाठी? तिन्ही कामं गरजेची आहेत, पण वेगवेगळी आहेत.
• चालणाऱ्याचा प्रवासखर्च देणगीतून होतो का?
• फसलेल्या चाचण्यांची माहितीही संस्था देते का? फक्त यशोगाथा सांगणाऱ्यांना चार प्रश्न जास्त विचारा.

टॉम आयझॅक्स यांचं २०१७ मध्ये निधन झालं. पार्किन्सन्स थांबवणारं औषध अजून सापडलेलं नाही. त्यांनी सुरू केलेली संस्था मात्र आजही एकेक औषध तपासत आहे.