हणमंतराव वकिलाची विलायत

परीक्षांचा हंगाम संपून उन्हाळ्याची सुटी लागली, कीं आमच्या माजिवड्याच्या वस्तींत अलीकडे एक नवेंच बोलणें ऐकूं येऊं लागतें. पूर्वीं सुटींत मुलें आजोळीं जात. आतां त्यांतलीं कांहीं परदेशीं अभ्यासास जातात. यंदा शेजारची अकरावींत शिकणारी एक मुलगी तीन आठवड्यांकरितां जिनीव्हास जावयास निघाली. तेथें देशोदेशींचीं तिच्याच वयाचीं मुलें जमावयाचीं, एकेकानें एकेका राष्ट्राचा प्रतिनिधि व्हावयाचें, लटक्या परिषदा भरवून खरे वाद घालावयाचे आणि अशा रीतीनें मुत्सद्देगिरीचा ओनामा गिरवावयाचा, असा तो बेत आहे. निघण्यापूर्वीं ती भेटावयास आली आणि सहज म्हणाली, "काका, आपल्याकडचें कोणी पूर्वीं असें विलायतेस गेलें होतें का हो?" गेलें होतें, असें मीं सांगितलें; आणि मग जी हकीकत तिला सांगितली, तीच येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

हकीकतीचा आरंभ मात्र लंडनांत नाहीं. तो आमच्या पायांखालच्या जमिनींत आहे. माजिवडा आज लोकांस ठाऊक आहे तो रस्त्यांचा नाका म्हणून. मुंबईहून येणाऱ्या हमरस्त्याची एक वाट येथून नाशिककडे जाते, दुसरी घोडबंदरकडे. वर पूल आणि खालीं वाहनांची दाटी. या भूमीस कांहीं पूर्ववृत्त असेल, अशी शंकाहि वाटसरूस येऊं नये. परंतु हा साष्टी बेटाचा ईशान्येकडील कोपरा आहे, आणि या बेटासाठीं अठराव्या शतकांत तीन सत्तांनीं तलवार व लेखणी दोन्ही झिजविल्या. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें पोर्तुगीजांपासून घेतलें. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं हल्ला करून ठाण्याचा किल्ला जिंकला; त्याच किल्ल्यांत आज कारागृह आहे.

त्या हल्ल्याच्या आधींचीं दोन वर्षें ध्यानांत घेण्यासारखीं आहेत. १७७२ सालीं मुंबईकरांनीं टॉमस मॉस्टिन यास वकील म्हणून पुण्यास ठेविलें. साष्टी आणि वसई मिळवावयाची, हा त्याच्या वकिलींतील मुख्य हेतु. थोरल्या माधवरावांचा मृत्यु, नारायणरावांचा खून, राघोबादादांविरुद्ध कारभाऱ्यांनीं केलेली जूट हें सर्व घडलें तेव्हां तो पुण्यांत होता, आणि दरबारांतील फूट तो मुंबईस कळवीत होता. ठाण्यावर तोफा डागल्या त्या डिसेंबरांत. परंतु घाव केव्हां घालावा, हें मुंबईकरांस समजण्याची तजवीज त्यापूर्वींच झालेली होती.

यावरून वकिलीची विद्या आपल्याकडे नव्हतीच, असें कोणी समजूं नये. नाशिकचे महादेवभट हिंगणे बाळाजी विश्वनाथाबरोबर दिल्लीस गेले आणि पुढें पेशव्यांचे वकील म्हणून तेथेंच राहिले; त्यांच्यामागें त्यांच्या मुलांनीं तें काम चालविलें. त्या घरच्या मुलांची शाळा म्हणजे वडिलांची कचेरी. पत्राचा मायना, उमरावांचीं नातींगोतीं, सावकारांच्या हुंड्या, ऐकीव बातमी कोणती आणि डोळ्यांनीं पाहिलेली कोणती याचा विवेक, हें सर्व बसल्या जागीं शिकावें लागे. मात्र ही विद्या दिल्ली ओळखी, हैदराबाद ओळखी, श्रीरंगपट्टण ओळखी. समुद्रापलीकडील ज्या शहरीं कंपनीचे धनी राहत, तें शहर मात्र तिच्या ओळखीचें नव्हतें.

त्या शहरीं आपला माणूस प्रथम पाठविला तो राघोबादादांनीं. पेशवाईच्या आशेनें त्यांनीं १७७५ सालीं सुरत येथें मुंबईकरांशीं तह केला होता आणि त्यांत साष्टी व वसई देऊं केली होती. कलकत्तेकरांनीं तो तह रद्द ठरविला आणि १७७६ सालीं पुण्याच्या कारभाऱ्यांशीं पुरंदरास निराळा तह केला. मुंबईचा शब्द कलकत्त्यास मान्य होत नाहीं, हें पाहिल्यावर दोहोंच्याहि वरच्या धन्याकडे जावें, असें दादांस वाटलें असल्यास नवल नाहीं. हणमंतराव नांवाचा ब्राह्मण वकील, मणियार रतनजी नांवाचा पारशी गृहस्थ आणि त्याचा मुलगा करसेटजी अशीं तीन माणसें त्यांनीं विलायतेस रवाना केलीं. १७८१ सालीं ही मंडळी लंडनांत होती.

तेथें त्यांचे हालच झाले. सोवळ्याओंवळ्यानें राहणाऱ्या माणसास काय लागतें, याची त्या शहरास कल्पना नव्हती. त्यांची दुर्दशा एडमंड बर्क याच्या दृष्टीस पडली. पुढें वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटांत खटला चालविणारा तो हाच बर्क. त्यानें त्यांस बीकन्सफील्डजवळच्या आपल्या वाडीवर नेलें, आणि झाडांसाठीं बांधलेलें कांचेचें घर त्यांस स्वयंपाकास व पूजेअर्चेस मोकळें करून दिलें. दादांस लिहिलेल्या पत्रांत, तुमच्या माणसांस जो त्रास झाला तो आमच्या अज्ञानामुळें झाला, अशा आशयाचा कबुलीजबाबहि त्यानें दिला. इंग्लंडच्या थंड प्रदेशांत कांचेच्या घरीं चूल मांडून बसलेला तो दक्षिणी ब्राह्मण डोळ्यांपुढें आणला, म्हणजे प्रथम हंसूं येतें आणि मागून मन विषण्ण होतें.

कारण ज्या प्रश्नासाठीं तो इतक्या दूर गेला, तो प्रश्न त्याच्या पाठीमागें हिंदुस्थानांतच सुटत होता. १७८० च्या जुलैंत हैदरअली कर्नाटकांत उतरला होता. १७८१ च्या एप्रिलांत जनरल गॉडर्ड यास बोरघाटांतून माघार घ्यावी लागली. दोन आघाड्यांवर लढणें हेस्टिंग्जला जड जाऊं लागलें. त्याच सालच्या ऑक्टोबरांत कर्नल म्यूर आणि महादजी शिंदे यांचा तह झाला, आणि १७ मे १७८२ रोजीं ग्वाल्हेरनजीक सालबाई येथें डेव्हिड अँडरसन व महादजी यांनीं सर्वच भांडणाचा निकाल लाविला. त्या तहानें वसई मराठ्यांस परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडे राहिली, आणि राघोबादादांच्या वांट्यास दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक आली. पुढच्याच वर्षीं त्यांचा अंत झाला. आमच्या माजिवड्याचें भवितव्य ठरलें तें असें: लंडनांतील अर्जानें नव्हे, तर ग्वाल्हेरजवळच्या एका छावणींत. निर्णय कोणाच्या हातीं आहे आणि तो कोणत्या कारणानें होणार आहे, हें हेरणें हा वकिलीचा पहिला धडा. हणमंतरावाच्या धन्यानें त्यास पाठविलें, तेव्हां हा धडा धन्यासच अवगत नव्हता.

तथापि या हकीकतीचा मला सर्वांत अधिक बोंचणारा भाग याच्याहि पुढचा आहे. फ्रान्सिस विल्फर्ड यानें एशियाटिक रिसर्चेसमध्यें लिहून ठेविलें आहे, कीं हे वकील जातांना सुएझपर्यंत समुद्रानें गेले, येतांना इराणच्या वाटेनें आले आणि म्हणून सिंधु ओलांडल्याच्या दोषासहि पात्र झाले. पुष्कळ वादविवादानंतर सोन्याची योनि घडवून तींतून त्यांस पार केलें, आणि हा त्यांचा पुनर्जन्म मानून त्यांस शुद्ध ठरविलें. प्रायश्चित्ताची ही कथा ग्रंथांत टिकली. परंतु इंग्लंडांत त्यांनीं काय पाहिलें, पार्लमेंट आणि कंपनी यांचा परस्परसंबंध काय, बर्कासारखा माणूस आपल्याच सरकाराविरुद्ध कसा बोलूं शकतो, या ज्ञानाचा ठसा पुण्याच्या राजकारणावर उमटलेला दिसत नाहीं. ते दादांचे, म्हणजे शत्रुपक्षाचे वकील होते, हेंहि त्याचें एक कारण असावें. इकडे १७८६ सालीं चार्ल्स मॅलेट पुण्यास आला आणि मुळामुठेच्या संगमावर बंगला बांधून दहा वर्षांहून अधिक काळ राहिला. नानांसारखा चतुर पुरुष कारभारावर असतांनाहि त्याच्या तोडीचा आपला कायमचा वकील लंडनांत बसला नाहीं. १८०२ च्या अखेरच्या दिवशीं राघोबादादांच्याच मुलानें, दुसऱ्या बाजीरावानें, वसईस इंग्रजांशीं जो तह केला, त्यानें मराठ्यांचें स्वातंत्र्य गहाण पडलें. ती वसई आमच्या या खाडीच्या मुखाशींच आहे.

मुलगी सर्व ऐकून घेऊन म्हणाली, "मग मीं तिकडे काय करावें?" मीं तिला दोन गोष्टी सांगितल्या. ज्या राष्ट्राची तूं प्रतिनिधि होशील, त्याचा शेजार कोणता, त्याचें धान्य कोठून येतें आणि त्याचा निर्णय खरोखर कोण करतो, हें भाषण लिहिण्याआधीं शोधून काढ. आणि जें पाहशील तें रोज रात्रीं मराठींत लिहून ठेव. तीन आठवड्यांत कोणी मुत्सद्दी होत नाहीं, हें तिच्या आईबापांसहि ठाऊक आहे. खर्च मोठा आहे, आणि परत आल्यावर प्रशस्तिपत्रास चौकट करून तें दिवाणखान्यांत टांगण्याचा मोहहि होईल. तसें करण्यास माझी हरकत नाहीं. मात्र आपण आतां प्रायश्चित्त घेत नसलों, तरी परत आलेल्या माणसास कांहीं विचारावयाचें नाहीं, ही जुनी खोड आपल्या घरांतून अजून गेलेली नाहीं. ती परवां गेली. तिला विचारावयाचे प्रश्न मीं एका वहींत लिहूं लागलों आहें, आणि तिच्या वडिलांसहि तसेंच करावयास सांगितलें आहे.